आंघोळीनंतर चढणारा गॅस

"मिस्त्री, गिझर मधातच बंद पडून राह्यला," गावंडेकाकू फोनवर म्हणाल्या, तेव्हा मी एका खेड्यातल्या स्वयंपाकघरात ओट्याखाली उताणा पडलो होतो. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हाताला साबणाचा फेस, फोन कान आणि खांद्याच्या मध्ये.

मी नेरच्या एका गॅस एजन्सीत सर्व्हिस मेकॅनिक आहे. बावीस वर्षं झाली. काम असं, की नळी पाहायची, रेग्युलेटर पाहायचा, जोडावर साबणाचं पाणी लावायचं. बुडबुडा आला तर गळती. नाही आला तर कार्डावर 'ओके' लिहून सही. बुडबुडा खोटं बोलत नाही, असं मी नव्या मेकॅनिकांना मोठ्या रुबाबात सांगत असे.

"तुमी मांगं सांगतलं तसं नळ बंद करून चालू करतो," काकू पुढे म्हणाल्या. "पन आता एका आंघोळीत तीनदा करा लागते. येऊन पाह्यजा ना."

"येतो दुपारून."

"अन् पल्लवीले बी रोज गॅस चढून राह्यला. आंघोळ झाली का डोकं धरून बसते. मळमळते म्हनते. ओवा देल्ला, जिऱ्याचं पानी देल्लं, काही उपेग नाही."

"काकू, तो गॅस माह्या डिपार्टमेंटचा नाही," मी म्हणालो.

काकू हसल्या. मीही हसलो. फोन ठेवला आणि पुन्हा कामाला लागलो. हा विनोद मी नंतर बरेच दिवस कोणाला सांगितला नाही, अगदी बायकोलाही नाही.

आमच्याकडे डोकं दुखलं तरी गॅस, छातीत जळलं तरी गॅस, पाठीत चमक भरली तरी गॅसच. 'गॅस चढला' म्हटलं की कोणी घाबरत नाही. घरात ओवा असतो, मेडिकलवर गोळी असते. त्यामुळे काकूंच्या बोलण्यात मला काही वावगं वाटलं नाही.

पल्लवी ही गावंड्यांची एकुलती एक मुलगी. लग्न होऊन न्यूझीलंडला गेलेली. पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून सहाव्या महिन्यात नेरला आली. तिकडे त्यांचं घर शहराबाहेर आहे, तिथं गॅसची पाइपलाइन नाही. घरामागे गॅसच्या छातीएवढ्या उंच दोन बाटल्या, म्हणजे सिलिंडर, उभ्या असतात, आणि त्याच भिंतीवर बाहेरच्या बाजूने गिझर टांगलेला असतो. आग बाहेर पेटते. घरात येतं ते फक्त गरम पाणी. तिने मोबाइलमधला फोटो बापाला दाखवला होता. बापाने त्या फोटोत गिझर पाहिला. भिंत पाहिली नाही.

गावंडेकाका कापूस-सोयाबीनवाले, हौशी माणूस. "पोरीले तिकडची सवय. आता बंब पेटवून देऊ का तिले?" असं म्हणून त्यांनी गॅसचा गिझर आणला. विजेचा नको, कारण लाइटचा भरवसा नाही. दुकानदाराने तो मोरीत, म्हणजे बाथरूममध्ये, आतल्या भिंतीवर ठोकून दिला. मग मला तपासणीला बोलावलं. मी म्हणालो, "काका, हा बाहेरून लावायला पाहिजे."

"बाहीर वांदरं ठेवतीन का? मांगच्या वर्षी डिश तोडली. टाकीचं झाकन बी नेलं."

वानरांचं म्हणणं खरं होतं. बाथरूमला वर चांगला हातभर झरोका होता, उघडा. सिलिंडर मागच्या अंगणात होता, नळी भिंतीतून आत नेलेली. साबण लावला, बुडबुडा नाही. ज्योत निळी होती. "झरोका बंद करू नका," असं सांगितलं, काकांनी मान डोलावली, मी 'ओके' लिहिलं.

त्यानंतर पल्लवीला यवतमाळला मुलगी झाली. बाळ-बाळंतीण घरी आली आणि थंडी पडली. एक दिवस काकूंचा फोन आला, की गिझर वीस मिनिटांनी आपोआप विझतो. मी तेव्हा दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलत होतो. अर्ध्या वाक्यात सांगितलं, "नळ बंद करून पुन्हा चालू करा, पेटेल."

आणि तो पेटलाही.

आता त्या सकाळी परत येतो. मी ओट्याखाली जोड आवळत होतो आणि काकूंचं एक वाक्य डोक्यात पुन्हा आलं. आंघोळ झाली का डोकं धरून बसते. पोटातला गॅस जेवणानंतर चढतो. आंघोळीनंतर रोज चढणारा गॅस कसला?

पान्हा हातातून सुटून छातीवर पडला, ते मला कळलंही नाही.

इथं थोडं समजावून सांगतो. सिलिंडरमधल्या गॅसला मुद्दाम घाण वास घातलेला असतो. गळला तर नाकाला कळतं. पण गॅस जळण्यासाठी हवा लागते, आणि बंद खोलीत हवा कमी पडली की तो अर्धवट जळतो. त्यातून जो वायू निघतो, कार्बन मोनॉक्साइड, त्याला वास नाही, रंग नाही. बुडबुडाही येत नाही. चुलीचा धूर डोळ्यांत जातो म्हणून माणूस खोकत बाहेर पळतो. हा वायू माणसाला पळायला सांगत नाही. आधी डोकं दुखतं, मग मळमळतं, मग पाय उचलत नाहीत. माणसाला वाटतं झोप येते आहे.

गिझर वीस मिनिटांनी विझतो तो बिघाड नसतो. कंपनीने तसा टायमर बसवलेला असतो, खोलीतली हवा संपायच्या आत आग बंद व्हावी म्हणून. आणि तो कसा चुकवायचा, हे मी स्वतः फोनवर शिकवलं होतं.

मी काकूंना फोन लावला. पूर्ण रिंग वाजली, उचलला नाही. पुन्हा लावला, तरी नाही. मग काकांना लावला. ते वावरात होते.

"काका, पल्लवी आंघोळीला बसली का?"

"नऊ वाजता शेवंताबाई येते, मायलेकीले न्हाऊ घालाले. बसली असन. काहून?"

"झरोका उघडा आहे ना?"

"तो तं शेवंताबाईनं पह्यल्याच दिवशी बंद केला. पोत्यात कापूस भरून ठोसला. बाळंतिनीले वारं लागलं तं जन्मभर पुरते म्हने."

घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती.

"काका, काकूंना फोन लावत राहा. उचलला की म्हणा, मोरीचं दार उघडा. बाकी काही बोलू नका."

"अरे पन झालं काय?"

"फोन लावा!" मी ओरडलो. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या माणसावर मी असा कधी ओरडलो नव्हतो.

त्या घरच्या बाईला सिलिंडर बंदच ठेवायला सांगितलं आणि मोटरसायकल काढली. नेर सात किलोमीटर. फाट्यावर कापसाच्या गाड्या आडव्या होत्या, तिथं थांबावं लागलं. तेवढ्यात फोन वाजला. काकू असतील म्हणून झडप घातली, तर आमचे मॅनेजर. आम्ही त्यांना साहेब म्हणतो.

"राठोड, गिऱ्हाइकाचा फोन आला. काम अर्धं सोडून कुठं पळालात?"

"गावंड्यांकडे. गिझरचं आहे."

"गिझर आपला विषय नाही."

"साहेब, आत बाळ आहे."

मी फोन कापला. पुढची सात-आठ मिनिटं मी काय काय पाहिलं ते रस्त्यावर नव्हतं. पल्लवीचा चेहरा मला नीट आठवत नव्हता, पण त्या कार्डावरची माझी सही आठवत होती. आमच्या तांड्यावर माझी याडी, म्हणजे आई, नेहमी म्हणायची की तू बोलतोस फार आणि ऐकतोस कमी. तेही आठवलं.

गावंड्यांचं दार लोटलेलं होतं. आत शिरलो तर स्वयंपाकघरात मिक्सर घरघरत होता. काकू डिंकाच्या लाडवांसाठी खोबरं बारीक करत होत्या. फोन देवाजवळ चार्जिंगला लावलेला. मला पाहून त्यांनी मिक्सर बंद केला.

"आले बी? दुपारून येतो म्हने ना?"

मी उत्तर न देता मागच्या अंगणात पळालो. आधी सिलिंडरचा रेग्युलेटर बंद केला. हात सवयीने तिथं गेला. भिंतीपलीकडे गिझरची घुर्र थांबली. पाणी पडायचा आवाज मात्र चालूच राहिला.

मी कान देऊन उभा राहिलो. गरम पाणी एकदम थंडगार झालं तर माणूस ओरडतो. थंडीचे दिवस, आत दोन बाया आणि एक तान्हं. कोणी तरी 'अगं बाई' म्हणायला पाहिजे होतं.

आतून कोणी ओरडलं नाही.

त्या क्षणाला मी जितका भ्यालो तितका बावीस वर्षांत भ्यालो नाही. पेटलेला सिलिंडर मी हाताने बाहेर ओढला आहे. तेव्हा आग समोर दिसत होती.

झरोक्यातलं पोतं मी पान्ह्याने ओढून पाडलं. मग दाराशी आलो. आतून कडी. दाराच्या फटीतही चिंध्या कोंबलेल्या. मी दाराला खांदा लावला तर काकू मध्ये आल्या.

"मिस्त्री! येडे झाले का? बाळंतीन हाय आतमंदी!"

"पल्लवीला हाक मारा."

"अहो पन..."

"एकदा हाक मारा."

काकूंनी हाक मारली. मग दुसऱ्यांदा मारली. तिसऱ्या हाकेला त्यांचा आवाज फुटला आणि त्या बाजूला सरकल्या. मी पान्हा फटीत घालून जोर लावला. कडीचा स्क्रू निघाला. मी दाराकडे पाठ केली आणि आत श्वास घेऊ नका, त्यांना ओढून बाहेर काढा, असं काकूंना ओरडलो. मग काकूंचं जे ओरडणं ऐकलं, त्यानंतर पाठ करून उभं राहण्यात अर्थ नव्हता.

शेवंताबाई भिंतीला टेकून पाय पसरून बसली होती, बाळाला न्हाऊ घालायला बाया बसतात तशी. बाळ तिच्या पायांवर पालथं. बाईचे डोळे उघडे होते, पण तिला उठता येत नव्हतं. "पाय जड झाले वं," एवढंच ती म्हणत होती. पल्लवी पाटावरून कलंडून भिंत आणि बादलीच्या मध्ये अडकली होती. अंगावर लुगडं होतं. थंड पाणी तिच्या खांद्यावर पडत होतं आणि तिला त्याचं काही नव्हतं.

बाळ रडत नव्हतं.

मी बाळाला उचललं आणि अंगणात आणलं. काकूंनी आणि ओरडणं ऐकून आलेल्या शेजारच्या दोन बायांनी पल्लवीला ओढून आणलं, मग शेवंताबाईला. बाळ ओलं होतं, गुलाबी होतं, आणि गप्प होतं. त्या गुलाबी रंगाने फसू नये, हे मी एका ट्रेनिंगमध्ये ऐकलं होतं. या वायूत माणूस शेवटपर्यंत तजेलदार दिसू शकतो.

काकू धावत चादर घेऊन आल्या आणि बाळाला डोक्यापासून गुंडाळून घरात न्यायला लागल्या. वर्षानुवर्षांची सवय. बाळाला वारं लागू नये.

"काकू, तोंड उघडं ठेवा! घरात नेऊ नका! वारं लागू द्या!"

"थंडी हाय हो..."

"लागू द्या वारं!"

त्यांनी तोंड उघडं केलं. त्या दिवशी नेरला बोचरा गार वारा होता, आणि मी बावीस वर्षांत पहिल्यांदा देवाकडे वारा मागितला. बाळाने एकदा शिंकल्यासारखं केलं. मग काही नाही. मग दोन्ही मुठी आवळून ते असं काही रडलं की शेजारच्या गच्चीवरचे लोक वाकून पाहायला लागले.

पल्लवीला शुद्ध यायला आणखी काही मिनिटं लागली. शेजाऱ्यांच्या गाडीने, चारी काचा खाली करून, तिघींना आधी नेरच्या दवाखान्यात नेलं. तिथं ऑक्सिजन लावला आणि ॲम्ब्युलन्सने यवतमाळला पाठवलं. मी मोटरसायकलने मागे गेलो. कोणी बोलावलं नव्हतं, पण घरी जाववत नव्हतं.

डॉक्टरांनी रक्त तपासलं. रोज थोडा थोडा हा वायू अंगात जात होता, म्हणून रोजची डोकेदुखी, असं म्हणाले. "आणखी दहा मिनिटं..." असं म्हणून ते थांबले आणि वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. शेवंताबाईला दुसऱ्या दिवशी सोडलं. पल्लवीला तीन दिवस ठेवलं, बाळाला पाच.

शेवंताबाईला भेटायला गेलो तेव्हा ती कॉटवर रडत होती. ती अडाणी नाही. तिच्या हातून निम्म्या नेरच्या बाळंतिणी न्हाल्या आहेत.

"शेगडी मी कधी बंद खोलीत ठिवू देत नाही," ती म्हणाली. "कोयश्यानं मान्सं मरतात, हे मले ठाव हाय. धुरी बी दार उघडून देतो. पन त्या पांढऱ्या डब्यात इस्तोच असते, हे मले कोन सांगतलं?"

इस्तो म्हणजे विस्तव. कोणी सांगितलं नव्हतं. मी काकांना 'झरोका बंद करू नका' म्हटलं होतं, का ते म्हटलं नव्हतं. आणि झरोका बंद करणाऱ्या बाईशी तर मी बोललोच नव्हतो.

संध्याकाळी काका कॉरिडॉरमध्ये बाकावर बसले होते. जावयाचा व्हिडिओ कॉल चालू होता. त्याच्याकडे पहाट व्हायची होती. तो ओरडत नव्हता, नुसतं एकच विचारत होता, "बाबा, पण गिझर आत कसा? गिझर आत कसा?" फोन संपल्यावर मी त्यांच्या शेजारी बसलो.

"काका, नळ बंद-चालू करायचं मीच सांगितलं होतं काकूंना."

"हो. म्हने ते."

"ते सांगायला नको होतं. तो टायमर त्यासाठीच असतो."

काकांनी फोन खिशात टाकला. मग म्हणाले, "तुमी आले बी." एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर मला हलकं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं.

"राठोड, गिझर आपण विकला नाही. बसवला नाही. आपली जबाबदारी रेग्युलेटर आणि नळीपर्यंत. कार्डावर काय लिहिलं?"

"ओके."

"नळी ओके होती?"

"होती."

"मग बरोबर लिहिलं."

"आणि फोनवर सांगितलं ते?"

"ते कुठं लिहिलेलं आहे?"

"कुठंच नाही."

"मग झालं तर. जा कामाला."

साहेब वाईट माणूस नाही. ते मला वाचवत होते, आणि ते म्हणाले ते नियमाप्रमाणे खरंच होतं. कागदावर मी पूर्ण निर्दोष होतो, आणि ती मुलगी तरीही मेली असती. हे कळल्यावर मला रस्त्यातल्यापेक्षा जास्त भीती वाटली. आजही एखादं कार्ड भरताना वाटते.

गावंड्यांचा गिझर आता मागच्या भिंतीवर बाहेरून आहे, भोवती लोखंडी जाळीचा पिंजरा. जाळी मी उभं राहून ठोकून घेतली. पल्लवी बाळ मोठं झाल्यावर न्यूझीलंडला परत गेली. मुलगी आता चालते. डॉक्टर म्हणाले, काही राहिलेलं दिसत नाही. मी ते दोनदा विचारून घेतलं.

कामाची पद्धत मात्र बदलली. बावीस वर्षं मी यंत्र तपासत होतो. ज्या दिवशी मी जातो त्या दिवशी झरोका उघडाच असतो, लोक पाहुण्यासाठी घर आवरतात तसा. तो बंद होतो ते कोणाच्या तरी काळजीपोटी. म्हणून आता गॅसचा गिझर दिसला की आधी तो कुठं आहे ते पाहतो, आत असेल तर 'ओके' लिहीत नाही, आणि साबण लावायच्या आधी घरातल्या मोठ्या बाईला विचारतो: घरात कोणी गरोदर आहे का, कोणी लहान बाळ, कोणी म्हातारं, कोणी आजारी?

मेकॅनिकच्या तोंडी हे प्रश्न बरे दिसत नाहीत. परवाच एका घरी आजीबाईने मला दारातच धरलं.

"तू गॅसवाला ना? माही सून पोटुशी हाय का नाही, तुले काय करा लागते?"

"मला काही नाही, आजी," मी म्हणालो. "मले फक्त हे सांगा, ती बाळंत झाल्यावर ही खिडकी कोन बंद करन?"

आजीबाईने खिडकीकडे पाहिलं. मग म्हणाली, "मीच करन. अजून कोन?"

"मग बसा," मी म्हणालो. "मले तुमच्याशीच बोलायचं आहे."